डबल ड्युटीने पाप फिटत नाही

प्रिय बेटा,

प्रभूमध्ये सलाम.

तुझा तो लांबलचक मेसेज वाचला. फोनवर बोलता आलं असतं, पण तुझी नाइट ड्युटी आणि माझी झोप यांचं काही जुळत नाही, आणि अशा गोष्टी फोनवर अर्ध्याच राहतात. म्हणून लिहिते. पत्र मोठं होणार आहे. ऑफच्या दिवशी वाच, वॉर्डात नको.

तू तीन गोष्टी लिहिल्यास. हॉस्टेलमधल्या मैत्रिणीने विचारलेला प्रश्न, भावाचं कर्ज, आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तसं, ते बीपीचं. मला विचारशील तर बाकीचं सगळं त्या शेवटच्या दोन ओळींभोवती फिरतंय. म्हणून तिथूनच सुरू करते.

रात्री तीनचं बीपी तू मोजलं नाहीस. आधीचा आकडा बघून अंदाजाने चार्टवर नवा लिहिलास. पेशंट सकाळी ठीक होता, पुढे सुट्टी होऊन घरी गेला. कोणाला काही कळलं नाही. आणि तेव्हापासून तू काय करून राहिली आहेस? जिला सुट्टी हवी तिची नाइट तू घेतेस. दशांश देऊन वर आणखी एक पाकीट दानपेटीत टाकतेस. लेंट, ईस्टरआधीचा उपासकाळ, कधीच संपला, तुझे उपास मात्र चालूच आहेत. तू याला सेवा म्हणतेस. मला हे हप्ते दिसतात. कर्जाची मूळ रक्कम किती हे कोणी सांगितलेलं नाही, फेड कधी होणार हे ठाऊक नाही, आणि तरी दर महिन्याला भरणं चालू आहे.

३१ ऑक्टोबरच्या उपासनेत तू लहानपणापासून मार्टिन लूथरची, ज्याच्यावरून आपण लूथरन म्हणवतो त्या जर्मन धर्मसुधारकाची, गोष्ट ऐकत आलीस. १५१७ साल, चर्चचं दार, हातोडा, क्षमापत्रांच्या विक्रीविरुद्धचे पंच्याण्णव मुद्दे. आपले लोक गोष्ट नेहमी तिथून सुरू करतात आणि तिथेच संपवतात. तुझ्या कामाचा भाग त्याच्या बारा वर्षं आधीचा आहे. लूथर तेव्हा एकवीस वर्षांचा, म्हणजे तुझ्याहून लहानच, कायद्याचा विद्यार्थी. २ जुलै १५०५ रोजी एर्फुर्टला परत येताना तो वादळात सापडला, वीज अगदी जवळ कोसळली, आणि जिवाच्या भीतीने त्याने संत अॅनाला नवस बोलला, की वाचव, मी मठात जाईन. नवस म्हणजे काय हे आपल्या भागात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. तो वाचला, आणि दोनेक आठवड्यांत ऑगस्टिनियन मठाच्या दारात उभा राहून त्याने नवस फेडलाही. वडील भयंकर चिडले. त्यांना पोराला वकील झालेलं बघायचं होतं.

नवस फिटला, पण मन काही शांत होईना. उपास, जागरणं, कडाक्याच्या थंडीत प्रार्थना. पापांगीकाराला बसला की तासन् तास उठायचा नाही, आणि उठून गेला की एखादं राहिलेलं पाप आठवून परत यायचा. मठात राहून कोणी स्वर्गाला पोहोचत असता तर मी पोहोचलो असतो, अशा अर्थाचं तो पुढे म्हणाला, आणि त्यात बढाई नव्हती. त्याचे वरिष्ठ योहान फॉन श्टाउपित्स समजूतदार माणूस. स्वतःच्या आत खणत बसू नकोस, ख्रिस्ताच्या जखमांकडे बघ, असं ते त्याला सांगत राहिले. पटायला वर्षं लागली.

त्याला अडवणारं वचन होतं रोमकरांस पत्र, पहिला अध्याय, सतरावं वचन. त्यात देवाचं नीतिमत्त्व सुवार्तेत प्रकट होतं असं पौल लिहितो, आणि लूथरला वाटायचं, झालं, नियमशास्त्र कमी पडलं म्हणून आता सुवार्तेतूनही देव न्यायाधीश बनूनच येणार. मग त्याच्या ध्यानात आलं की इथे देव ज्या नीतिमत्त्वाबद्दल बोलतोय ते तो मागत नाहीये, देतोय. ख्रिस्ताचं ते आपल्या नावावर लावलं जातं, फुकट, आणि विश्वास म्हणजे ते घेणं. म्हातारपणी, १५४५ मध्ये, या क्षणाबद्दल लिहिताना तो म्हणतो की जणू नव्याने जन्मलो आणि उघड्या दारांतून थेट नंदनवनात शिरलो.

हे तुला पाठ आहे, मला माहीत आहे. दृढीकरणाच्या वर्गात इफिसकरांस पत्रातलं ते वचन तू न अडखळता म्हणायचीस, की कृपेने, विश्वासाच्या द्वारे तारण झालं, हे देवाचं दान आहे, कर्मांनी नाही. पण पाठ असणं वेगळं आणि रात्री तीन वाजता त्या बेडजवळून जाताना ते स्वतःला लागू करणं वेगळं. ते तुझ्याकडून होत नाहीये, कारण तू क्रम उलटा लावलास. तुझा हिशेब असा आहे, की आधी भरपाई, मग कधीतरी क्षमा. लूथरन शिकवणीचा सगळा जीव या क्रमात आहे बेटा. आधी क्षमा. बाकी सगळं त्यानंतर.

२५ जून १५३० ला आउग्सबुर्गमध्ये सम्राटासमोर जो विश्वासांगीकार वाचला गेला, लूथरचा सहकारी मेलांख्थोनने लिहिलेला, त्यातलं चौथं कलम सांगतं की माणूस देवासमोर स्वतःच्या बळाने, पुण्याईने वा कर्मांनी नीतिमान ठरत नाही, ख्रिस्तासाठी, विश्वासाने, फुकट ठरतो. आणि सहावं कलम सांगतं की अशा विश्वासाला चांगली फळं यायलाच हवीत. चौथं आणि सहावं. कोणी सहावं आधी वाचलं की धर्माचं ओझं होतं. कोणी चौथ्यावरच पुस्तक मिटलं की बेफिकिरी होते. तुझ्या पिढीत दुसऱ्या प्रकारचे जास्त दिसतात असं लोक म्हणतात. मला तर आपल्या मंडळ्यांमध्ये पहिल्या प्रकारचेच जास्त भेटतात, विशेषतः बायका.

आता कोणी तुला लूथरचं ते वाक्य ऐकवेल, की पाप कर आणि धीटपणे कर. ऐकवलं तर संदर्भ विचार. १ ऑगस्ट १५२१ ला वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपलेला असताना त्याने मेलांख्थोनला लिहिलेल्या पत्रातलं ते आहे. मेलांख्थोन तुझ्यासारखाच, कातडीखालपर्यंत काळजी करणारा. लूथर त्याला सांगत होता की कृपा खरी असेल तर पापही खरं असायला हवं; देव नाटकी पाप्यांना तारत नाही; तुझ्या पापापेक्षा ख्रिस्तावरचा तुझा विश्वास धीट असू दे. पाप करायचा परवाना त्यात नाही. आणि परवाना समजून वागणाऱ्या मंडळीला तिच्याच एका पाळकाने पुढे चांगलं झापलं आहे. दीट्रिख बोनहोफरने १९३७ मध्ये ‘स्वस्त कृपा’ हा शब्द वापरला तो याच लूथरन मंडळीला उद्देशून. पश्चात्ताप नसलेली क्षमा, क्रूस नसलेली कृपा. हिटलरच्या राज्यात त्याला ९ एप्रिल १९४५ ला फाशी दिलं गेलं, त्यामुळे कृपेची किंमत काय यावर बोलायचा त्याला अधिकार आहे.

तेव्हा तुझं पाप खरं आहे असंच आपण धरू. ‘तसं काही झालं नाही ना, सोड’ असं मी म्हणणार नाही. तुला ते ऐकायचं असतं तर तू मला लिहिलं नसतंस, वॉर्डातल्या कोणालाही विचारलं असतंस. न मोजलेला आकडा चार्टवर लिहिणं हे खोटं आहे, आणि त्या आकड्यावर विसंबून डॉक्टर औषध ठरवतात. पेशंट वाचला हे त्याचं नशीब, तुझं समर्थन नाही.

मग काय करायचं? पाळकांकडे जा आणि एकांतात सांग. दचकू नकोस. एकांतातला पापांगीकार कॅथलिकांचा, आपला नाही, असा आपल्याकडे पक्का समज आहे. आउग्सबुर्गचं अकरावं कलम तो चालू ठेवा म्हणतं, फक्त सगळी पापं मोजून सांगायची सक्ती करू नका, कारण ते कोणालाच जमत नाही. लूथरच्या छोट्या प्रश्नोत्तरीत, म्हणजे त्याच्या धर्मशिक्षणाच्या छोट्या पुस्तकात, त्याची रीतही दिली आहे. पाळक विचारतात, माझी क्षमा ही देवाचीच क्षमा आहे असा तुझा विश्वास आहे का? तू हो म्हणायचं. मग ते तुझ्या डोक्यावर हात ठेवून, तुला उद्देशून, क्षमा जाहीर करतात. रविवारी आपण सगळे एका सुरात पापांगीकार म्हणतो तेव्हा तुझं ते तीनचं बीपी शंभर लोकांच्या आवाजात लपून जातं. इथे लपत नाही. म्हणूनच क्षमाही तुलाच मिळाली हे कळतं.

तू म्हणशील, मी मूळची छिंदवाड्याकडची, इथे सीएनआयच्या, म्हणजे उत्तर भारताच्या मंडळीच्या, चर्चमध्ये बसते, त्यांच्या पाळकांना कसं सांगू? जा आणि सांग. २९ नोव्हेंबर १९७० ला याच नागपुरात, ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये, सहा मंडळ्या मिळून उत्तर भारताची मंडळी झाली. लूथरन त्यात आले नाहीत, हे खरं. पण ख्रिस्ती मंडळ्यांच्या राष्ट्रीय परिषदेत, जिची कचेरी इथेच सिव्हिल लाइन्सला आहे, दोघे एकाच टेबलाभोवती बसतात. आणि आउग्सबुर्गचंच सातवं कलम सांगतं, की सुवार्ता आणि संस्कार यांवर एकमत झालं म्हणजे एकीला पुरे, माणसांनी ठरवलेल्या रीती सगळीकडे सारख्या असण्याची गरज नाही. तुझी कॅथलिक रूममेट या सगळ्यावर वाद घालत असेल तर तिलाही सांग की नीतिमान ठरण्याच्या मूळ प्रश्नावर त्यांची मंडळी आणि लूथरन जागतिक संघ यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबुर्गमध्येच संयुक्त घोषणेवर सह्या केल्या आहेत. सगळे मतभेद मिटले नाहीत. भांडायला मात्र आता तेवढं कारण उरलेलं नाही. (आणि क्षमापत्रांवरून तिला टोमणे मारू नकोस. कागदावर त्यांची शिकवण अशी होती की क्षमापत्राने उरलेली शिक्षा माफ होते, पापाची क्षमा वेगळी. योहान टेट्झेलसारखे विक्रेते बाजारात ही बारीक रेघ पुसून टाकत, लूथर भडकला तो त्यावर. पाकिटं टाकण्याच्या बाबतीत तू आणि टेट्झेलचं गिऱ्हाईक यांत मला फार अंतर दिसत नाही, राग मानू नकोस.)

क्षमा ऐकून झाली की मग, त्याच आठवड्यात, इन्चार्ज सिस्टरकडे जा. तिला सगळं सांग. मेमो मिळेल, कदाचित पगारातून काही कापतील, बदनामी होईल. देवाची क्षमा मेमो रद्द करत नाही. पण बघ, आता तू तिथे जाशील ती क्षमा मिळवायला नाही. ती मिळालेली असेल. म्हणून तुला खरं सांगता येईल, रंगवून नाही, रडून नाही, स्वतःला वाचवत नाही. पाळकांच्या आधी सिस्टरकडे गेलीस तर तिच्या चेहऱ्यावर तू देवाचा निकाल वाचत बसशील, आणि तेवढं ओझं त्या बिचारीने का उचलावं.

आणि डबल ड्युटी आजपासून बंद. इथे मी सांगत नाहीये, दटावतेय. १५२७ मध्ये विटेनबर्गला प्लेग आला तेव्हा लूथर पळाला नाही, त्याच्या घराचं जवळपास इस्पितळ झालं. पळावं की राहावं यावर त्याने एक पत्रक लिहिलं. ज्यांच्यावर दुसऱ्यांचा जीव सोपवलेला आहे त्यांनी जागा सोडू नये, असं त्यात आहे. पण त्याच पत्रकात असंही आहे की औषध घ्या, घर-अंगण धुरी देऊन शुद्ध करा, गरज नसेल तिथे जाऊ नका. उगाच धोका पत्करणं म्हणजे देवाची परीक्षा बघणं. चांगलं काम देवाला नको असतं, त्याच्याकडे कसली कमी? ते शेजाऱ्याला लागतं. तुझा शेजारी म्हणजे बेड नंबर अमुक. त्याला तुझा त्याग नकोय, त्याला रात्री तीन वाजता नीट मोजलेलं बीपी हवंय. सलग नाइट करून पेंगुळलेली सिस्टर ते मोजणार नाही, परत अंदाजच लिहील. म्हणजे तुझं प्रायश्चित्त तुला फिरून त्याच पापाकडे नेतंय. १५२० मध्ये लूथरने लिहिलं होतं की ख्रिस्ती माणूस सर्वांचा मोकळा स्वामी, कोणाच्याही ताब्यात नसलेला. आणि ख्रिस्ती माणूस सर्वांचा सेवक, प्रत्येकाच्या ताब्यात असलेला. मोकळी झाल्याशिवाय सेवा करायला गेलं की माणूस सेवेतूनही स्वतःचंच काहीतरी शोधत राहतो.

मैत्रिणीच्या प्रश्नाचं आता थोडक्यात. “तुझं तारण कोणत्या तारखेला झालं?” असं तिने विचारलं, आणि तू गप्प झालीस, कारण तुला कोणत्या सभेत रडू आलं नव्हतं की अंगावर काटा आला नव्हता. ती मुलगी मनापासून विचारत असणार, तिला हिणवू नकोस. पण उत्तर तुझ्याकडे आहे. घरी आईच्या ट्रंकेत तुझ्या बाप्तिस्म्याचा दाखला असेल, त्यावरची तारीख सांग. मोठ्या प्रश्नोत्तरीत लूथर सांगतो की पाप आणि विवेक छळायला लागले की उलट उत्तर द्यावं, “पण माझा बाप्तिस्मा झाला आहे!” तू तान्ही होतीस, तुला काही कळत नव्हतं, हीच तर त्यातली गंमत. देवाने शब्द दिला तेव्हा तुझ्याकडून काहीही येणं शक्य नव्हतं. आणि छोटी प्रश्नोत्तरी बाप्तिस्म्याबद्दल म्हणते की जुना आदाम, म्हणजे आपल्यातला पापी माणूस, रोजच्या पश्चात्तापाने बुडवला जावा आणि नवा माणूस रोज वर यावा. तर मग दुसरी तारीख आजची. उद्या उद्याची.

तारखेच्या मागे लागणाऱ्यांना मी आपल्या नारायण वामन टिळकांची गोष्ट विचारते. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका मिशनऱ्याने त्यांच्या हातात पवित्र शास्त्र ठेवलं. बाप्तिस्मा झाला फेब्रुवारी १८९५ मध्ये, मुंबईत. मधला काळ वाचण्यात, वाद घालण्यात, तळमळण्यात गेला. विश्वास कुठल्या स्टेशनावर आला, सांग बरं? टिळक लूथरन नव्हते, पण एवढं त्यांच्याकडून घ्यायला हरकत नाही.

आणि तू लिहिलंस ना, “मावशी, आतून काही जाणवत नाही”? विश्वासाची चाचणी जाणिवेवर घेऊ नकोस. छोट्या प्रश्नोत्तरीतलं, प्रेषितांच्या विश्वासांगीकाराच्या तिसऱ्या कलमाचं स्पष्टीकरण आठव, पवित्र आत्म्याचं. मी माझ्या बुद्धीने वा बळाने येशू ख्रिस्तावर विश्वास ठेवू शकत नाही, त्याच्याकडे येऊ शकत नाही. पवित्र आत्म्याने मला सुवार्तेच्या द्वारे बोलावलं. विश्वास ठेवणंसुद्धा आपल्या ताकदीचं नाही असं जी शिकवण पहिल्याच वाक्यात कबूल करते, ती तुझ्या कोरड्या रात्रींना घाबरत नाही. मार्काच्या नवव्या अध्यायातला तो बाप एका दमात म्हणतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. येशूने त्याला परत पाठवलं नाही, लेकराला बरं केलं. प्रभुभोजनाला जा, जाणवो न जाणवो. ‘तुमच्यासाठी’ हा शब्द तिथे बाहेरून, दुसऱ्याच्या तोंडून येतो, कारण आतून तो येत नाही. तरीही हे कोरडेपण झोप, भूक आणि कामावरचं लक्ष सगळंच खात असेल तर डॉक्टरांना दाखव. लूथर स्वतः १५२७ मध्ये आजार आणि काळोख्या विचारांनी पार खचला होता, आणि तशा अवस्थेतल्या लोकांना त्याचा सल्ला असायचा की एकटं राहू नका, खा-प्या, चार माणसांत बसा. रात्रीच्या प्रार्थनेनंतर तर त्याने सूचनाच लिहून ठेवली आहे की मग लगेच आणि आनंदाने झोपी जा. ड्युटी संपवून सकाळी नऊला म्हटलीस तरी चालेल ती.

लूथरला फार डोक्यावर घेऊ नकोस मात्र. १५४३ मध्ये त्याने यहुद्यांविरुद्ध जे लिहिलं ते वाचवत नाही, आणि लूथरन मंडळ्यांनीच पुढे ते नाकारलं आहे. एकाच वेळी नीतिमान आणि पापी, असं ख्रिस्ती माणसाचं वर्णन त्याने केलं. पहिलं उदाहरण तोच.

राहिला भाऊ. तुझ्या नावावर गाडीचं कर्ज काढलं, हप्ते थांबवले, आता तुझ्या खात्यातून कटतायत, आणि तो म्हणतो, “ख्रिस्ती आहेस ना, मग माफ कर.” प्रभूच्या प्रार्थनेत आपण म्हणतो खरं, की जसं आम्ही आमच्या ऋण्यांस ऋण सोडलं आहे. पण क्षमा मागणाऱ्याने समोरच्याच्या डोक्यावर पवित्र शास्त्र आपटून ती वसूल करायची नसते. तू त्याचं वाईट चिंतू नकोस, त्याच्यासाठी प्रार्थना कर, आईसमोर त्याला उघडं पाडून सूड उगवू नकोस. तो आजारी पडला तर धावून जा. एवढं क्षमेत येतं. त्याचे हप्ते गुपचूप भरत राहणं येत नाही. ते त्याच्याही भल्याचं नाही, उद्या तो दुसऱ्या कोणाचं नाव वापरेल. गाडी त्याच्या नावावर करायची की विकून कर्ज बंद करायचं, हे त्याच्याशी बसून ठरव. क्षमा मनात पूर्ण झाली नाही म्हणून बोलणं लांबवू नकोस, आणि बोलणं कडू झालं म्हणून क्षमा झालीच नाही असंही समजू नकोस. दोन्ही हळूहळू होतं.

पाळकांकडे जाऊन आलीस की कळव, काय बोललात ते सांगायची गरज नाही. आणि या ऑफला मोहननगरला घरी जेवायला ये. येताना कर्जाच्या करारनाम्याची झेरॉक्स आणि बँकेचं स्टेटमेंट आण. आमच्या मंडळीत बँकेतून रिटायर झालेले एक काका आहेत, त्यांना दाखवू, त्यांना असले कागद वाचायला फार आवडतात.

तुझी,
मावशी